भाचीच्या परदेशी शिक्षणासाठी रान विकावे का?

भुदरगडचा मामा :

नमस्कार. माझी भाची भुदरगड तालुक्यातील एका लहान गावात वाढली असून सध्या कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकत आहे. सातवीपर्यंत ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि पुढे रोज एस.टी.ने तालुक्याला जाऊन-येऊन शिकली. आठवीत तिला केंद्र सरकारची एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती मिळाली, नववी ते बारावी वर्षाला मिळणाऱ्या त्या १२,००० रुपयांवरच तिची वह्यापुस्तके आणि पास निघाला. गेली दोन्ही वर्षे ती विभागात पहिली आहे. दाजींचे पावणेदोन एकर उसाचे रान आणि दोन म्हशी आहेत. घरखर्च दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर चालतो.

गेल्या महिन्यात आम्ही शहरातील एका परदेशी शिक्षण सल्लागाराकडे गेलो. त्यांनी अर्ध्या तासात इंग्लंडमधील एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी तीन विद्यापीठे सुचवली आणि एकूण खर्च २८ लाख सांगितला. आम्ही बरोबर नेलेल्या गुणपत्रिका मात्र त्यांनी उघडूनही पाहिल्या नाहीत, त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेती किती आहे?" दाजी ३० गुंठे विकायला तयार झाले आहेत आणि गावात गिऱ्हाईकही आहे. पोरीला विचारले तर ती म्हणते की तिला नोकरीपेक्षा संशोधनात रस आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कागलकर :

मामा, रान विकू नका. मी कागलच्या नवोदय विद्यालयात शिकलो, शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केली आणि सध्या जर्मनीत पीएच.डी. करत आहे, त्यामुळे हा रस्ता पायी चाललेला माणूस म्हणून लिहितो.

आपल्याकडे "परदेशी शिक्षण" या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात. तिकडची मास्टर्स पदवी बहुतेक ठिकाणी पैसे भरून घ्यावी लागते, तर विज्ञानातील पीएच.डी.साठी विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की विज्ञानाच्या विभागांत सहसा शिक्षणशुल्क माफ होते आणि पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतील कामाच्या बदल्यात दरमहा विद्यावेतन मिळते. जर्मनीत तर ही बऱ्याचदा रीतसर नोकरीच असते. अर्ध्या किंवा पाऊण पदाचा करार होतो आणि त्यात आरोग्यविमाही येतो. ज्या मुलीला संशोधनच करायचे आहे, तिने २८ लाख भरून एक वर्षाची पदवी का घ्यावी, हे मला कळत नाही. (सल्लागाराला ते नक्की कळते, कारण बऱ्याच सल्लागारांना विद्यापीठांकडूनच कमिशन मिळते.)

एम.एस्सी. इथेच करून मग पीएच.डी.साठी बाहेर जावे. त्यासाठी तिने या वर्षी 'जॅम' द्यावी. आय.आय.टी.तील एम.एस्सी.चे प्रवेश याच परीक्षेतून होतात. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) किंवा बंगळूरच्या विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.ला, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र असलेल्या अभ्यासक्रमाला, जागा मिळाली तर विद्यावेतनही मिळते. यातले काहीच जमले नाही तरी शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहेच, आणि तिथून बाहेर गेलेले लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. महत्त्वाचे हे की एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी देशातील तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करून दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढावेत. परदेशी प्राध्यापक गुणांच्या आधी शिफारसपत्र वाचतात, आणि ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले त्यांचे पत्र वर्गात फक्त शिकवलेल्या सरांच्या पत्रापेक्षा कितीतरी जड असते.

एम.एस्सी.नंतर जर्मनीत पुन्हा मास्टर्सला जाण्याचा मोहही टाळावा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नसते हे खरे, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) आधी दाखवावे लागतात. ते पैसे आपलेच असतात आणि दरमहा ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात, पण सुरुवातीला ते उभे कुठून करायचे? मास्टर्सलाच जायचे असेल तर पूर्ण खर्च देणारी युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती पाहावी. तिच्यात दरमहा १,४०० युरो मिळतात.

निवृत्त बँक अधिकारी, राजारामपुरी :

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. केवळ कर्जाविषयी थोडे लिहितो, कारण अनेक शेतकरी पालक "सातबारा देतो, कर्ज द्या" म्हणत माझ्या टेबलासमोर बसलेले मी पाहिले आहेत. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज सरकारी बँका सामान्यतः तारणाशिवाय देतात, पण त्यापुढे तारण लागते आणि तिथे शेतजमीन सहसा चालत नाही. वसुलीच्या ज्या सरफेसी कायद्यावर बँकांची भिस्त असते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. उरते गावठाणातील घर, आणि त्याची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पुष्कळांकडे नसते. त्यामुळे लाखमोलाचे रान असूनही बाप हात हलवत परत जातो आणि मग जमीन विकण्याचा विचार सुरू होतो. तुमच्या गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर पत्रिका आजच काढून ठेवा. कर्ज घ्या अगर घेऊ नका, ती उपयोगी पडते.

शिष्यवृत्ती-वाचक :

सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांचा उल्लेख राहिला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र योजना आहे. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवणारे सयाजीराव होते आणि १९२० मध्ये लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांना मदत करणारे आमचे शाहू महाराज होते, तेव्हा ही नावे उगाच दिलेली नाहीत. या योजनांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत बरेच वर असावे लागते. सल्लागाराने सुचवलेली तीन विद्यापीठे त्या यादीत बसतात का, एवढे तपासले तरी त्याची परीक्षा होईल. जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला घ्या, कारण मुले प्रवेश मिळवतात आणि कागदांपायी अडकतात. 'सारथी'चे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. तिथे समक्ष जाऊन विचारणे उत्तम.

भुदरगडचा मामा :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दाजींना सगळे वाचून दाखवले. त्यांनी बराच वेळ काही न बोलता तंबाखू मळली आणि सकाळी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवले. पोरीने जॅमच्या अर्जाची तयारी सुरू केली आहे.

मात्र एक अडचण पुढे आली. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव आडनावापासून सुरू होते, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले आहे आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. पासपोर्ट कशाप्रमाणे काढावा?

कागलकर :

दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानून आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावरच्या पोराने टाइप केलेले प्रत्येक अक्षर तिने स्वतः पडद्यावर वाचल्याशिवाय पावती घेऊ नये. मी घेतली होती. पुढे प्रतिज्ञापत्रासाठी सुट्टी काढून जर्मनीहून कागलला यावे लागले.