ऑगस्टऐवजी ऑक्टोबर बघा

आईबाबांना घेऊन ऑगस्टमध्ये स्पेनमधलं माद्रिद, सेविया आणि ग्रनादा करायचा तुमचा बेत वाचला. जमलं तर ऑक्टोबरवर न्या. ऑगस्टात सेवियात पारा ४० अंशांपार जातो, ज्येष्ठांना ते झेपणार नाही.

हॉटेलआधी ग्रनादातल्या अलहांब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्याचं तिकीट काढा. आतल्या नासरी महालांत तिकिटावरच्या वेळेलाच सोडतात, आणि ती तिकिटं फार आधी संपतात. पासपोर्ट जवळ ठेवा, नावं तपासतात.

माद्रिदहून सेवियाला वेगवान रेल्वेनं साधारण अडीच तास लागतात. वाटेतल्या कोर्दोबाला मात्र उतराच. तिथल्या मशीद-कॅथेड्रलच्या लाल-पांढऱ्या कमानी मला अलहांब्राहूनही सुंदर वाटतात. आईबाबा शाकाहारी आहेत म्हणालात, तर गास्पाचो हे थंडगार टोमॅटो सूप चालेल, पण साल्मोरेखो या दाट थंड टोमॅटो सूपवर हॅम आणि अंडं घालतात, तेव्हा आधीच सांगा.