डेडहॉर्स म्हणे पगारी तुरुंग!

विहीरवाला: बाइकवर अलास्का फिरून आलेल्या 'भटक्या' यांनी काल लिहिलं की डाल्टन हायवे संपतो तिथलं डेडहॉर्स म्हणजे पगारी तुरुंग, शाळा नाही, बायकापोरं नाहीत, बार नाही. एक रात्र राहिलात, पेट्रोल भरलंत आणि निकाल देऊन मोकळे? अहो शेजारच्या प्रुडो बे या उपसागराकाठी १९६८ मध्ये तेल सापडलं म्हणून ती वस्ती आहे, संसार थाटायला तिथे जातंय कोण! खालची जमीन बारमाही गोठलेली, इमारतीची ऊब लागली की खचणार, म्हणून खडीच्या भरावावर कामगारांचे राहायचे कॅम्प उचलून बांधतात. मी काम केलंय तिथे. दोन आठवडे रोज बारा तास, मग दोन आठवडे पूर्ण सुट्टी. दारात बुटांवर निळं प्लास्टिक चढवलं की आत गरम जेवण तयार. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवणारा मोकळा आणि आम्ही कैदी?

भटक्या: जेवणाचं कौतुक पुरे. नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य जानेवारीच्या मध्याला उगवतो, डॉलर काढून घ्या आणि बघा कोण राहतंय ते.

रिगवाल्याची_बायको: सुट्टी कोणाची हो? आमचे हे मुंबई हायला, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. पोराला ताप आला, हे रिगवर. सासूबाई पडल्या, हे रिगवर. घरी आले की आधी नुसती झोप आणि मग मलाच शिकवणार डाळीचे डबे कुठे ठेवायचे!

विहीरवाला: वहिनी, विषय आर्क्टिकचा चाललाय.

रिगवाल्याची_बायको: मग तिथल्यांची बायकापोरं काय हवेत असतात? कुठेतरी कोणीतरी एकटी निस्तरतेच ना.

जुना_ड्रिलर: ताई, आमचंही ऐका. घरी आलो की पाहुणा. प्रगतिपुस्तकावर सही पोरगं आईचीच घेणार, आपण बाजूला पेन घेऊन बसायचं.

रिगवाल्याची_बायको: कितवीत आहे ते तरी सांगता येतं का?

जुना_ड्रिलर: हे अती होतंय हं.

विहीरवाला: बरं, घरच्यांचं म्हणणं मान्य, कारण वहिनींशी भांडायची छाती नाही. पण भटक्या, खरं सांगा, चेकपॉइंटवरून परत पाठवलं ना? पुढचं तेलक्षेत्र कंपन्यांचं आहे, आदल्या दिवशी नावगाव देऊन टूर बुक केल्याशिवाय समुद्रापर्यंत कोणालाच सोडत नाहीत.

भटक्या: हो, पाठवलं! ६६६ किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली, धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर टाकलेल्या कॅल्शियम क्लोराइडचा चिखल रेडिएटरवर सिमेंटसारखा बसला, आणि काही मैलांवर आर्क्टिक समुद्र असताना म्हणे उद्या या. चीड नाही येणार?

रिगवाल्याची_बायको: म्हणजे समुद्र बघायला मिळाला नाही म्हणून एवढं रामायण? धन्य आहे.