भाच्यासाठी फोर्लानचे कोणते सामने निवडू?

पेठेतला_मामा:
भाचा पंधरा वर्षांचा, कोल्हापुरात तालमीच्या ज्युनियर संघात फॉरवर्ड खेळतो. या हंगामात एकही गोल नाही, पोरगं घुम्यासारखं बसतंय. त्यात डाव्या पायावर चेंडू आला की उजव्यावर घेत बसतो, तोवर बॅक येऊन काढून नेतो. मैदानावर एकानं सांगितलं, उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला दाखव. नुसते गोल जोडलेले व्हिडिओ नकोत, पूर्ण सामने सांगा. दोन-तीनच, दहावीचं वर्ष आहे.

दोन्ही_पाय:
2010 चा वर्ल्ड कप, आणखी काय! नेदरलँड्सविरुद्धची सेमीफायनल लावा. लांबून डाव्या पायानं मारलेला गोल बघितला की तुमच्या भाच्याचा प्रश्न अर्धा सुटेल. घानाविरुद्धची फ्री किक उजव्या पायाची. त्या वर्ल्ड कपच्या जाबुलानी चेंडूला अख्खी दुनिया शिव्या घालत होती, यानं त्यानंच पाच गोल मारले. उरुग्वे चौथा आला, तरी गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, फोर्लानलाच.

जुना_प्रेक्षक:
वरच्यांशी सहमत नाही. ज्याला गोल होत नाहीत त्याला एकदम शिखर कशाला दाखवता? मँचेस्टर युनायटेडपासून सुरू करा. जानेवारी 2002 मध्ये अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेतून तिथं गेला आणि पहिला गोल व्हायला 27 सामने लागले. तोही पेनल्टीवर, मकाबी हैफाविरुद्ध, बेकहॅमनं चेंडू याच्या हातात दिला म्हणून. पुढं साउदॅम्प्टनविरुद्ध विजयी गोल मारून शर्ट काढला, तर तो परत घालता येईना! शर्ट हातात धरून उघड्या अंगानं पळत होता गडी. हसू येतं, पण गोलाची तहान काय असते ते कळतं. डिसेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलला दोन मारले, तो सामना पूर्ण दाखवा. पहिला गोल म्हणजे गोलकीपर डुडेकची चूक, पण तिथं हजर कोण होता ते बघा.

पेठेतला_मामा:
हे भारी आहे. पण मग युनायटेडनं ठेवला का नाही?

जुना_प्रेक्षक:
98 सामने, 17 गोल. 2004 मध्ये विलारेआलला गेला. पहिल्याच हंगामात ला लीगात 25 गोल, स्पेनमध्ये सर्वाधिक, आणि युरोपच्या लीगांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन शू फ्रान्सच्या थिएरी आँरीबरोबर वाटून. पुढं अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून 2008-09 मध्ये 32 गोल, पुन्हा गोल्डन शू. पाय तेच होते. विलारेआलमध्ये मागून रिकेल्मेसारखा माणूस चेंडू पुरवत होता, हा फरक थोडा नाही. तुमच्या संघात मागून चेंडू येतो का, तेही एकदा बघा. दोष दर वेळी फॉरवर्डचाच नसतो.

अंधेरी_स्टँड:
मुंबईकर असून गप्प कसा बसू? 2016 मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळला तेव्हा अंधेरीत केरळा ब्लास्टर्सला 5-0 धुतलं, त्यात याची हॅटट्रिक. वय 37! धावणं कमी झालं होतं, पण दोन बॅकच्या मधली जागा त्याला आधीच दिसायची. मी गोलामागच्या बाजूला होतो, घसा आठवडाभर बसला होता.
शिकायलाच बसवायचं असेल तर माझं मत 2010 च्या युरोपा लीग फायनलला, हॅम्बुर्गमध्ये, फुलहॅमविरुद्ध. अ‍ॅटलेटिकोचे दोन्ही गोल याचे. दुसरा 116 व्या मिनिटाला, अग्वेरोचा क्रॉस आणि हा बॅकच्या पुढून जवळच्या खांबाकडे. व्हिडिओ थांबवून विचारा, क्रॉस यायच्या आधी फोर्लान कुठं होता.

दोन्ही_पाय:
ठीक, माझी सेमीफायनल तिसऱ्या नंबरला टाका. पण टाकाच.

पेठेतला_मामा:
ठरलं. अ‍ॅनफिल्ड, हॅम्बुर्ग, मग नेदरलँड्स. काल रात्री पहिला बघून झाला. शर्टाचा किस्सा सांगितला तर पोरगं आठवड्यात पहिल्यांदा हसलं. आता शर्ट काढला की पिवळं कार्ड मिळतं, तेवढं बजावून ठेवलंय.