बिघडलेला जॉब खरोखरच काही शिकवतो का?

काटेतोल:
‘बिघडलेला प्रत्येक जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) हा गुरूच असतो, हौशी माणसाने पुस्तके मिटावीत आणि लेथ (जॉब फिरवून तो टूलने कापायचे यंत्र) सुरू करावे’, हे ‘मोकळा चक’ यांचे विधान वाचून गप्प राहवले नाही. पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारे अरुंद टूल) मोडले, एवढ्यावरून नवशिक्याला नेमके काय कळते? टूलची धार सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेच्या, वर असेल, टूल गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेले असेल, कॅरेज (टूल जॉबच्या लांबीला धरून नेणारा भाग) लॉक करायचे राहिले असेल, क्रॉस स्लाइडची (टूल जॉबमध्ये आडवे सरकवणाऱ्या भागाची) गिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, सैल असेल, किंवा भीतीपोटी फीड (टूल पुढे सरकवण्याचा वेग) इतका कमी दिला असेल की टूल कापण्याऐवजी नुसते घासत राहिले असेल. कारण कोणतेही असो, हातात तोच तुकडा येतो. मग माणूस स्पीड कमी करतो, दुसरे टूल मोडतो आणि ‘लहान लेथवर पार्टिंग होतच नाही’ असा सिद्धान्त मांडून आयुष्यभर हॅकसॉ चालवतो.

मोकळा चक:
ही कारणे आपल्याला तोंडपाठ आहेत ती टूल मोडल्यामुळेच, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. क्रॉस स्लाइडच्या डायलवर 0.5 मिमी दिले की काही लेथवर व्यास 1 मिमीने उतरतो आणि काहींवर 0.5 मिमीनेच, हे मी वाचलेले होते. तरीही इंजिनाच्या मॉडेलचा शाफ्ट मापाखाली गेला, तेव्हाच ते अंगवळणी पडले.

निळी चिप:
मूळ रोग कार्बाइड इन्सर्टचा (टूलवर बसवायच्या तयार, बदलत्या धारेचा) आहे. 0.4 मिमी नोज रेडिअसच्या (टोकाच्या गोलाईच्या) साध्या इन्सर्टने शेवटचा कट 0.02 मिमीचा घ्यायला जातात, धार पकडत नाही, म्हणून वैतागून आणखी थोडे देतात आणि सगळे एकदम उतरते. एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) टूलला स्वतः धार लावणाऱ्यावर ही वेळ सहसा येत नाही.

काटेतोल:
विषय इन्सर्टचा नाही.

संध्याकाळचा टर्नर:
नसेलही, पण हे खोडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ग्राइंडरवर क्लिअरन्सचा (धारेखाली टूल जॉबला टेकू नये म्हणून ठेवायचा) कोन चुकला की एचएसएसही घासतेच. म्हणजे नवशिक्याच्या अडचणींत आपण आणखी एका अज्ञात कारणाची भर घालता. ॲल्युमिनियमसाठी मिळणारे धारदार इन्सर्ट लावले, तर स्टीलवरही बारीक कट नीट निघतो.

निळी चिप:
ज्यांना टूलला धार लावता येत नाही, त्यांनी स्वतःला टर्नर म्हणवून घेऊ नये.

संध्याकाळचा टर्नर:
इन्सर्टवर पोट भरणाऱ्या कारखान्यातील टर्नरांना हे एकदा समोर जाऊन सांगून पाहा! शिवाय आपले हातचे टूल असतानाही 50 मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब 40 अंशांनी तापला, तर तो सुमारे 0.02 मिमी फुगलेला असतो. गरम असताना माप जुळवले की थंड झाल्यावर तो मापाखाली जातो, आणि माणूस मायक्रोमीटरला शिव्या घालत बसतो.

काटेतोल:
हेच मी सांगत होतो, फक्त आपण ते इन्सर्टच्या वाटेने आणलेत.

शून्य रेषा:
माझ्या मामेभावाने चकची (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच ठेवून मोटर सुरू केली. ती भिरकावली गेली आणि त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीत आदळली. चार बोटे खाली असती, तर या गुरूची दक्षिणा फार महाग पडली असती. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालणाऱ्यांनाही आपण अनुभवाची वाट पाहायला सांगणार आहात का?

मोकळा चक:
चावी आणि हातमोजे यांपुरते पुस्तक श्रेष्ठ, मान्य. आपणा सर्वांचे अभिनंदन. टूल मोडण्याबाबत मात्र मी मागे हटणार नाही.

काटेतोल:
हटू नका. फक्त टूल मोडल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि स्पीड, फीड, टूल किती बाहेर होते हे वहीत लिहा. तेवढे केलेत, तर आपल्या गुरूला मीही नमस्कार करीन.

निळी चिप:
त्याच वहीत इन्सर्टचा नोज रेडिअसही लिहावा, म्हणजे माझे म्हणणे खोडायला निदान आकडे तरी मिळतील.