आधी शेतातला गाळ काढा, मग खाणी सुरू करा

सत्तरीची लेक
माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, खाणीच्या उताराखाली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले तेव्हा वाटलं, शेत परत मिळेल. नाही मिळालं. टनभर लोहखनिजामागे अडीच-तीन टन माती उपसून टेकडीवर रचली, तिच्यावर वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस. ती माती आमच्या भातात उतरली. सरद, म्हणजे पावसाळी भातशेती गेली, विहीर आटली तशी वायंगणही, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती गेली. 2022 पासून खाणींचे लिलाव सुरू झालेत. गाळ तिथेच आहे.

खाण अवलंबित, डिचोली
ताई, 2012 च्या खाणबंदीत कर्जाचा ट्रक दारात गंजताना मी पाहिलाय. शेती खाणीनेच बुडाली हे पटत नाही. खाण नसलेल्या गावांतही शेतं पड आहेत. मजूर मिळत नाहीत, पोरांना चिखलात उतरायचं नाही. शिवाय भरपाई तुम्हीही घेतलीत.

सत्तरीची लेक
घेतली. पण ती एका हंगामाच्या भाताची होती, मातीची नव्हती. पड शेत नांगरलं की पिकतं. आमचं नांगरलं तरी पिकत नाही.

मातीवाला
कृषी शिकलोय म्हणून सांगतो, ताईंचा मुद्दा बरोबर आहे. हा गाळ फार बारीक असतो, त्यात सेंद्रिय कर्ब नसल्यात जमा. वाळला की पापुद्रा धरतो, पाणी मुरू देत नाही. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, लोह विरघळतं आणि मुळं ते प्रमाणाबाहेर शोषतात. पानांवर तपकिरी ठिपके येतात, फुटवे कमी धरतात. चुना, शेणखत, निचरा यांनी फरक पडतो, पण थर जाड असेल तर आधी तो उचलावाच लागतो. आणि खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की तिथला उपसा आजूबाजूच्या विहिरी ओढून घेतो, हेही विसरू नका.

खाण अवलंबित, डिचोली
मग जिल्हा खनिज निधी आहे ना, खाणवाल्यांनी बाधित गावांसाठी भरायचा, 2015 च्या कायद्यातला? त्यातून काढा गाळ. पण खाण बंद ठेवली तर निधी येणार कुठून? आणि गाळ वाहायलाही ट्रक आमचेच लागतील.

सत्तरीची लेक
दादा, लागतीलच, आणि त्याचं भाडं तुम्हालाच मिळो. पण गाळ नेऊन टाकायचा कुठे हे आधी ठरवा, ढिगाऱ्याच्या पायथ्याला भिंत आणि गाळ अडवणारी तळी बांधा. नाहीतर मेमध्ये उचललेला गाळ जूनमध्ये ओढ्याने पुन्हा आमच्याच शेतात येईल.