'कमी' दिसलं की वजाबाकी? कमाल आहे!

रामबागची मास्तरीण: काल इथे एका क्लासवाल्यांनी तक्ता टाकला. 'एकूण' आलं की बेरीज, 'कमी' आलं की वजाबाकी, 'पट' आलं की गुणाकार, शाब्दिक उदाहरणं हमखास सुटतात म्हणे. रात्रभर डोक्यात तेच. आज सातवीला मुद्दाम घातलं: गोट्याकडे शेवेची 12 पाकिटं आहेत, ती सोनूपेक्षा 5 ने कमी आहेत, तर सोनूकडे किती? तक्तेवाल्या पोरांनी झटकन 7 लिहिलं. एका मुलीने आधी दोन पट्ट्या काढल्या, एक आखूड, एक लांब. लांब पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "सोनूकडे जास्त आहेत ना? मग 17."

तक्तावाला: मॅडम, पट्ट्या रंगवायला तुमच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे पोरं येतात जानेवारीत, बोर्ड डोक्यावर असताना. मी स्वतः गणितात दोनदा गचकलो आणि याच तक्त्यावर निघालो. नुसती टीका करणं सोपं असतं.

निवृत्त ओव्हरसियर: पावकी, निमकी, दिडकी हे पाव-अर्ध्या-दीडचे पाढे घरातून गेले तिथेच गणित गेलं. आमच्या वेळी संध्याकाळी परवचा म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे.

दहावीची आई: काका, पाढे आले म्हणून समीकरण मांडता येतं का? माझा मुलगा 29 पर्यंत घडाघडा म्हणतो. पण 'आई मुलापेक्षा 26 वर्षांनी मोठी, 4 वर्षांनी तिचं वय त्याच्या तिप्पट' म्हटलं की बघत बसतो. शेवटी म्हटलं, क्ष राहू दे, अंदाज ठोक. मुलगा 10, आई 36. चार वर्षांनी 14 आणि 40, पण तिप्पट होते 42. जमलं नाही. मग 8 घेतले: 12 आणि 38, तिप्पट 36. हेही नाही. "आई, 9!" आता 9 च्या जागी क्ष ठेव म्हटलं, तर क्ष + 30 = 3(क्ष + 4) त्यानेच लिहिलं.

निवृत्त ओव्हरसियर: हे तर भास्कराचार्यांचं इष्टकर्म! लीलावती, 1150. तुम्ही नवीन काय सांगितलंत?

रामबागची मास्तरीण: काका, इष्टकर्मात एकदाच अंदाज घेऊन त्रैराशिकाने उत्तर काढतात. इथे 26 आणि 4 मिळवायचे आहेत, नुसत्या प्रमाणात ते बसत नाही. पण मान्य, अंदाजाने सुरुवात करणं जुनंच आहे.

तिखट शेव: ते सोडा. 'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' एकच का?

तक्तावाला: एकच. पट म्हणजे गुणाकार.

तिखट शेव: भिया, आमच्या गणपतीच्या मंडळात तेच झालं. आदल्या वर्षी पोहे 15 किलो. अध्यक्ष म्हणाले, यंदा तिपटीने जास्त आणा. त्यांच्या मनात 45. आमच्या खजिनदाराने 15 मध्ये तीन पट मिळवले आणि 60 आणले. अन् भिजवलेसुद्धा!

दहावीची आई: खजिनदाराचं बरोबर आहे. 'जास्त' म्हणजे मूळ धरून वर.

निवृत्त ओव्हरसियर: साफ चूक. मराठीत असं कोणी बोलत नाही.

तिखट शेव: तुमच्या पुण्यात नसतील बोलत.

निवृत्त ओव्हरसियर: मी पुण्याचा नाही! चार पिढ्या इंदुरात काढल्या!

रामबागची मास्तरीण: भांडू नका. दोन्ही अर्थ निघतात, म्हणून मी परीक्षेत फक्त 'तिप्पट' लिहिते. आणि तेही पोरं उलटं मांडतात. 'पोह्यांच्या प्लेटी जिलबीच्या प्लेटींच्या तिप्पट' म्हटलं की अर्धा वर्ग 3प = ज लिहितो, शब्द आले त्या क्रमाने. प ला 30 ठेवा म्हटलं की जिलबीच्या प्लेटी 90 होतात, तेव्हा कुठे जीभ चावतात.

तक्तावाला: बरं बाई, तक्त्यातून 'कमी' काढतो. 'पट' ला फुली मारतो, नाहीतर पोह्यांचं बिल माझ्यावर यायचं. 'एकूण' मात्र राहणार.

रामबागची मास्तरीण: वर्गात एकूण 30 मुलं, त्यात 18 मुली. मुलगे किती? 48?