मदत हवी आहे: एअर पिस्तुलाची एम मापाची ग्रिप हाताला मोठी – पुट्टी, कानस की नवी ग्रिप?

सई_म्हापसा
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल, उजवा हात. पिस्तूल स्वतःचं आहे, क्लबचं नाही, त्यामुळे ग्रिपवर काम करायला हरकत नाही. ग्रिप अक्रोडाची, एम मापाची. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात १६८ मिमी, बोटांच्या बुडाशी तळवा ७६ मिमी रुंद.

डोळे मिटून हात उचलला आणि मग डोळे उघडले, की फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) मागच्या साइटच्या खाचेत उजव्या बाजूला चिकटलेली दिसते. मनगट डावीकडे वळवून ती मध्ये आणावी लागते. ट्रिगरवर बोटाचं जेमतेम टोक पोहोचतं. पहिल्या तीस शॉटचा गट आठ वाजण्याच्या दिशेला, म्हणजे डावीकडे खाली, पडतो. चाळीसच्या पुढे काही शॉट अचानक उजवीकडे जातात. अंगठ्याच्या बुडाशी दुखतं. पाऊस सुरू झाल्यापासून तळहाताला सतत घाम असतो आणि हात ग्रिपवर सरकतो.

तीन सल्ले मिळाले आहेत: हात आणि ग्रिप यांच्यातल्या पोकळ्या एपॉक्सी पुट्टीने भरणं, एस मापाची नवी ग्रिप मागवणं, किंवा हे सगळे आकार सोडून जुन्या रिव्हॉल्व्हरसारखी साधी गोल मूठ बसवणं. कुठून सुरुवात करू?

केरीकर
सईबाय, पुट्टीला आत्ता हात लावू नका. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं एकाच कारणाची आहेत: ग्रिप मोठी आहे. बोट ट्रिगरपर्यंत पोहोचावं म्हणून तळहात नकळत ग्रिपच्या उजव्या अंगाने पुढे सरकतो. मग पिस्तुलाची मागची बाजू अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात न बसता अंगठ्याच्या सांध्यावर येते (तुमचं दुखणं तिथलंच) आणि नळी हाताच्या रेषेच्या उजवीकडे जाते. ती मध्ये आणायला मनगट वाकवता. तीस-चाळीस शॉटनंतर तो स्नायू दमतो, सैल पडतो आणि शॉट उजवीकडे सुटतो. सुरुवातीचे डावे शॉट बोटाच्या टोकामुळे. टोकाने ट्रिगर सरळ मागे न येता डावीकडे ढकलला जातो.

चूक किती बारीक असते ते पाहा. दोन्ही साइटमधलं अंतर ३२० मिमी धरलं, तर फ्रंट साइट खाचेत फक्त ०.२५ मिमी सरकली की टार्गेटवर जवळपास ८ मिमी फरक पडतो. एका रिंगची रुंदी ८ मिमीच आहे. म्हणजे साइट मनगटाने सावरून धरायची असेल, तर साठ शॉटभर पाव मिमीच्या आत सावरावी लागते. ते काम ग्रिपनेच करायला हवं.

लाकडाला हात लावण्याआधी दोन गोष्टी फुकट होतात. ट्रिगरचं पातं पट्टीवर पुढे-मागे सरकतं. स्क्रू सैल करून ते मागे घ्या, पहिल्या पेराच्या मांसल भागाच्या मध्यावर येईल इतकं. पातं हलवल्यावर ट्रिगरचं वजन पुन्हा तपासा. ट्रिगरला टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगर न सुटता उचललं गेलंच पाहिजे. दुसरं, ग्रिप आत किती स्क्रूंवर बसते ते बघा. फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीच्या पी८एक्ससारख्या काही पिस्तुलांत ग्रिपचा कोन स्क्रूने बदलतो. तुमच्यात ती सोय असेल तर अर्धं काम ॲलन कीने होईल.

रंकाळा
पुट्टीला इतका विरोध का? डावीकडे मागच्या बाजूला, अंगठ्याच्या मांसल बुडाखाली २ मिमी भरली की पिस्तुलाची मागची बाजू उजवीकडे ढकलली जाते, नळी डावीकडे येते आणि साइट मध्ये दिसते. कानशीने गेलेलं लाकूड परत येत नाही, पुट्टी खरवडून काढता तरी येते.

केरीकर
साइट मध्ये येईल, मान्य. पण ग्रिपचा घेर वाढेल आणि ट्रिगर आणखी लांब जाईल. मूळ दुखणं तेच आहे. हात मोठा आणि ग्रिप लहान असेल तर तुमचा उपाय अगदी बरोबर. इथे आधी लाकूड कमी करायचं आणि अगदी शेवटी, हवी असेल तर पुट्टी.

सई_म्हापसा
ट्रिगर ४ मिमी मागे घेतला, पट्टीवर तेवढीच जागा होती. बोट आता पेराच्या मध्यावर येतं आणि आठ वाजताचा गट बऱ्यापैकी मध्याकडे आला. पण डोळे मिटून उचललं की फ्रंट साइट अजून उजवीकडेच, आधीच्या साधारण निम्मी. कोन बदलणारे स्क्रू या ग्रिपला नाहीत. मग आता कानसच ना? आणि त्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीबद्दल कुणी सांगेल का? सल्ला देणारे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

जुना_नेमबाज_मडगाव
रिव्हॉल्व्हरचं मी सांगतो, कारण हा गैरसमज पुष्कळ ठिकाणी दिसतो. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनची मूठ नांगराच्या मुठीसारखी वाकडी, खाली रुंद आणि वर निमुळती असते. ती मुद्दाम तशी आहे. गोळी सुटली की धक्क्याने रिव्हॉल्व्हर हातात वर वळतो. धक्का मनगटात न जाता त्या वळण्यात विरतो, आणि वळल्यामुळे हॅमर (घोडा) अंगठ्याच्या जवळ येतो. प्रत्येक गोळीआधी हॅमर अंगठ्यानेच मागे ओढायचा असल्याने ते सोयीचं. म्हणजे ही मूठ हातात *फिरण्यासाठी* केलेली आहे.

निशाणा लावणाऱ्यांना ते तेव्हाही पुरेसं वाटलं नाही. कोल्टने १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या बिस्ली या नेमबाजीच्या रेंजच्या नावावरून बिस्ली मॉडेल काढलं. त्याची मूठ लांब आणि ट्रिगरच्या मागे उंच चढलेली, म्हणजे हात वर धरता येतो आणि दर वेळी एकाच जागी बसतो. पुढे रुगरने १९५९ च्या सुपर ब्लॅकहॉकला कोल्टच्या जुन्या ड्रॅगून रिव्हॉल्व्हरच्या घाटाची मोठी मूठ आणि चौकोनी पाठ असलेलं ट्रिगर गार्ड दिलं, .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचा धक्का झेलायला. जड काडतुसाला कोणती मूठ बरी, हा तिथला वाद धक्क्यावरून चालतो.

एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नाहीच. इथे मूठ फिरायला नको, रोज त्याच जागी अडकायला हवी. गोल मूठ बसवली तर प्रत्येक शॉटला हात नवीन जागी बसेल. ती कल्पना सोडून द्या.

वाडीचा_सुतार
लाकडाचं मी सांगतो. ग्रिप पिस्तुलापासून पूर्ण काढूनच काम करा. भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत किंवा व्हॉल्व्हजवळ गेला तर दुरुस्ती महाग पडते. नाकावर मास्क हवा, अक्रोडाचा भुसा घशाला लागतो.

कुठलं लाकूड काढायचं ते हातालाच विचारा. तळहातावर निळी खडूची भुकटी लावा, ग्रिप नेहमीसारखी धरा, सोडा. जिथे गडद निळं उठेल तिथे दाब जास्त. पाच वेळा हेच करा आणि दर वेळी तिथेच उठतंय का बघा. दर वेळी वेगळीकडे उठलं तर आधी धरण्याची सवय एकसारखी करा, कानस नंतर.

तुमच्यासाठी दोन जागा. पहिली, मागची बेचक्याची खाच: तिथून १ मिमी गेलं की ट्रिगर १ मिमी जवळ येतो. पण आत धातूची चौकट आणि ग्रिपचा स्क्रू आहे. भिंत किती जाड आहे ते आधी आतून मोजा, ३ मिमीपेक्षा पातळ होऊ देऊ नका. दुसरी, उजव्या अंगाला *मागे*, जिथे तळहाताची करंगळीकडची उशी टेकते. तिथलं लाकूड गेलं की पिस्तुलाची मागची बाजू उजवीकडे बसते आणि नळी डावीकडे येते. उजव्या अंगाला *पुढे*, मधल्या बोटाच्या बुडाखाली, मात्र कानस लावू नका. तिथलं गेलं तर नळी उलट आणखी उजवीकडे जाते, आणि पुष्कळ जण हीच चूक करतात.

तर्जनीची वाट वेगळी. बोटाचं मधलं पेर लाकडाला घासता कामा नये, २ मिमी मोकळी जागा हवी. घासलं तर ट्रिगर दाबताना सगळं पिस्तूल ढकललं जातं.

अर्धगोल कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. एका वेळी अर्धा मिमी. मग ग्रिप बसवून चाळीस ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव), दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. एका रविवारी सगळं उरकायचं म्हटलं की ग्रिप हमखास वाया जाते. ड्राय फायरच्या आधी नळीत पेलेट नाही याची खात्री करा, आणि नळीचं तोंड भिंतीकडेच ठेवा.

सई_म्हापसा
घामाचं काय करू? वरचा थर गुळगुळीत आहे. ओळखीचे एक सुतार सागवानात किंवा शिसमात हुबेहूब दुसरी करून देतो म्हणतात, तीही करून ठेवू का?

वाडीचा_सुतार
गुळगुळीत थर काढून टाका. कुंकळ्ळीच्या चितारी कामाची (लाकडावरच्या रंगीत लाखकामाची) लकाकी पाटाला, खेळण्याला शोभते. ग्रिपला तसली चमक घातक. १२० च्या पेपरने वार्निश उतरवा आणि जिथे बोटं आणि तळहात टेकतात तिथे टोकदार पंचाने जवळजवळ बारीक ठिपके पाडा. वरून कच्चं नाही, ‘बॉइल्ड’ म्हणून विकत मिळणारं जवसाचं तेल कापडाने पुसल्यासारखं, अगदी पातळ, आणि दोन दिवस वाळू द्या. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. पाण्यात भिजवून मगच फेका. आणि पुट्टी लावायची असेल तर ती तेलाच्या आधी. तेल प्यायलेल्या लाकडावर एपॉक्सी धरत नाही, महिन्याभरात खपली सुटते.

सागवानाचीही तीच अडचण, त्यात मुळातच तेल असतं. शिसम जड. पिस्तूल सगळं मिळून १५०० ग्रॅमच्या आत राहायला हवं, आणि हातात वजन वाढलं की तोलही बदलतो. करायचीच असेल तर चांगला मुरलेला फणस बघा. ओला फणस मात्र पावसात फुगून जानेवारीत तडकतो.

आपल्या हवेत अक्रोडही फुगतो. जुलैमध्ये घट्ट वाटणारा ग्रिपचा स्क्रू डिसेंबरात लाकूड आटलं की सैल होतो, आणि गट का पसरला ते कळत नाही. महिन्यातून एकदा ॲलन की लावून बघा. पेटीत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं पुरेत, ढीग घालून लाकूड कोरडंठाक करू नका.

केरीकर
पाम शेल्फबद्दल कुणी बोललं नाही, आणि हात आवळला जातो तो पुष्कळदा तिच्यामुळेच. तळहाताखालची ती सरकती फळी लोक हात आवळला जाईल इतकी वर चढवतात. सुरुवातीला बरं वाटतं, मग गरम हवेत हात सुजतो, फळी खालून दाबते आणि विसाव्या शॉटनंतर हात थरथरतो. एसी खोलीत, थंड हाताने कधीही बसवू नका. पंधरा मिनिटं ड्राय फायर करून हात तापला की बसवा. हात आणि फळीमध्ये लग्नपत्रिकेचा पुठ्ठा अलगद सरकला पाहिजे. मधलं आणि अनामिका सरळ मागे दाबतात, करंगळी नुसती टेकते, अंगठा अजिबात दाबत नाही.

सई_म्हापसा
पुठ्ठा सरकतच नव्हता! फळी दीड मिमी खाली घेतली. बेचक्यातून अर्धा मिमी आणि उजवीकडे मागून अर्धा मिमी काढला, दोन दिवसांच्या अंतराने. फ्रंट साइट आता दहापैकी सात वेळा मध्ये येते, उरलेल्या तीनदा अगदी थोडी उजवीकडे. आणखी अर्धा मिमी काढू? आणि शेवटी पुट्टी लावली तर स्पर्धेच्या तपासणीत अडचण येईल का?

केरीकर
आठवडाभर थांबा. हाताला नवीन जागेची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आठ-दहा दिवसांनीही तीच तीन उजवीकडे दिसली, तर उजवीकडे मागे फक्त पेपर फिरवा, कानस नको.

पुट्टी चालते, आकार नियमात बसला पाहिजे. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावतं का ते बघतात. दोन्ही अंगांना पुट्टी भरली की ५० मिमीची रुंदी आधी ओलांडली जाते, शेल्फ बाहेर काढलेली असेल तर आणखी लवकर. तेव्हा शेल्फसकट व्हर्नियरने मोजा. शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, कड वर वळलेली नको, अंगठा वर मोकळा हलला पाहिजे आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. शेल्फच्या कडेला पुट्टीचा छोटासा उंचवटा राहिला तरी ती वर वळलेली धरतात. पुट्टी पूर्ण कडक व्हायला २४ तास द्या, मग तिथे पेपर मारून कड सपाट करा.

सई_म्हापसा
देव बरें करूं, केरीकरबाब, सुतारदादा, काका. रुंदी शेल्फसकट ४७ मिमी भरली. पुट्टीचा डबा बंदच ठेवते, पुढच्या रविवारी पुन्हा दहा वेळा डोळे मिटून उचलून इथेच आकडे टाकते.